दीड फूट

३ ऑगस्ट, सोमवार

आज नगरपालिकेत अर्ज दिला. खिडकी क्रमांक चार. तिथल्या बाईंनी पावती दिली. घरी येईपर्यंत पावती बॅगेत आहे ना, हे सात वेळा पाहिलं.

घराचे नकाशे काढून अर्ज भरून देणारे नकाशेवाले म्हणाले, "आजपासून जे होईल ते तारखेनिशी लिहून ठेवा. कोण काय बोललं, कुठल्या खिडकीवर बोललं, सगळं. उद्या हीच माणसं म्हणतात, आम्ही असं बोललोच नाही." म्हणून ही वही घेतली आहे.

आमचा प्लॉट रांगेतला शेवटचा. एका बाजूला गल्ली, दुसऱ्या बाजूला कंडक्टरकाकांचं घर. (ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सगळे कंडक्टरच म्हणतात.) घर बांधायला प्लॉट निदान पंचवीस फूट रुंद लागतो. आमचा साडेतेवीस आहे. दीड फुटासाठी तो इतकी वर्षं मोकळा पडलाय. आई त्याला 'पट्टी' म्हणते. "फ्रॉकला लावायची की काय, कुणास ठाऊक!" आता समितीकडे नियमातून सूट मागता येते, पण फक्त ३१ डिसेंबरपर्यंत. त्यानंतर अशा अपुऱ्या प्लॉटवर कायमची बांधकामबंदी.

बाबांनी गेल्या वर्षी प्लॉट माझ्या नावावर केला. शिकलेली मी एकटीच. बाबा सही काढतात, करत नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली आणि आम्ही अजून लोखंडी जिन्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत आहोत. त्यांचे गुडघे संपलेत. डॉक्टरांनी सांगितलंय, पुढच्या वर्षापासून परांचीवर चढायचं नाही. त्यावर बाबा एवढंच म्हणाले, "अजून एक घर हातात आहे."

अर्जात अकरा प्रश्न होते. नववा असा: 'भूखंड अपुरा असण्याची अडचण अर्जदाराच्या वा त्याच्या कुटुंबीयांच्या कृतीमुळे निर्माण झाली आहे काय?' मी 'नाही' लिहिलं. सगळ्यात शेवटी प्रतिज्ञापत्र होतं, माहिती खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन असं. तिथे माझं पेन थांबलं. नकाशेवाले म्हणाले, "अहो, सही करताय, गळ्यात फास घालून घेत नाही आहात."

पण साडेतेवीस हा आकडा खरेदीखतावरून घेतलाय. मी स्वतः मोजलेला नाही. हे आधी का सुचलं नाही?

६ ऑगस्ट

मोजला. तीन ठिकाणी मोजला, साडेतेवीसच भरतो.

टेपचं दुसरं टोक धरायला बाबांना बोलावलं होतं. गुडघा दुखतो म्हणाले. मग टोकावर वीट ठेवली आणि विसरू नये म्हणून आकडा मोठ्याने म्हणत म्हणत या टोकाला आले. भिंतीवरून कंडक्टरकाकांचं डोकं वर आलं.

"काय ग पोरी, रोज मोजल्यावर वाढतं का?"

"नाही काका, खात्री करतेय."

"कर, कर. पण माझ्या भिंतीवर ओरखडा नको हं. उस्तादांच्या हातची आहे. बावीस वर्षं झाली, केसाएवढा तडा नाही."

ते हसले. मला तो टोमणा वाटला, पण कदाचित नसेलही. उस्ताद म्हणजे बाबा. त्यांना बरं वाटेल म्हणून जेवताना सांगितलं. ते ताटात हात धुऊन उठले. भाकरी तशीच. हल्ली त्यांना खाली बसून जेवायला फार त्रास होतो. खुर्ची आणायला हवी.

१९ ऑगस्ट

पट्टीवर पत्र्याचा फलक लावून गेले. 'सूट मागितली आहे, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे.' खाली माझं पूर्ण नाव. येणारे-जाणारे थांबून वाचतात. आपण काहीतरी मागतो आहोत, हे इतक्या मोठ्या अक्षरांत लिहायची काय गरज होती?

आमच्या दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत आज एकच नमुना मी चार वेळा तपासला. वरिष्ठ म्हणाल्या, "तीनदा आला तो आकडा खरा मान, नाहीतर दूध नासेल." आईचंही तेच म्हणणं असतं. "दुधात पाणी शोधायचा पगार मिळतो तुला. घरी तरी नको शोधूस."

२७ ऑगस्ट

हरकत आली. कंडक्टरकाकांचीच!

खिडकी चारच्या बाईंनी प्रत दिली. लिहिलंय की भिंतीला लागून त्यांची एक खोली आहे, तिथे चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली त्यांची पत्नी झोपते, आमचं घर उठलं तर तिच्या झरोक्याचा उजेड जाईल. सबब सूट देऊ नये. 'आणि जागेची मोजणी करण्याची आवश्यकता नाही,' असंही एक वाक्य आहे. ते कशासाठी, कळलं नाही. मोजणीचा विषय कुणी काढलाच नव्हता.

काकूंना मी लहानपणापासून ओळखते. त्या हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हा मला पेन्सिलींचे तुकडे आणून द्यायच्या.

आई तडकली. "गोगलगाय अन् पोटात पाय! तोंडावर उस्ताद उस्ताद, आणि मागून कागद!"

बाबा म्हणाले, "त्याची बाजू बरोबर आहे."

"कशी काय बरोबर?" मी विचारलं.

"आजारी बाई आहे. उजेड नको?"

मला रागच आला. घर कुणाला हवंय, यांना की मला? नंतर वाटलं, वय झालं की माणूस भांडायला भितो. मीही भिते, मग त्यांना काय बोलणार.

१० सप्टेंबर

हरकत आल्यामुळे आता मूळ आराखड्याची प्रत लागेल, असं खिडकी चारच्या बाई म्हणाल्या. सगळी रांग पहिल्यांदा आखली तेव्हाचा नकाशा. तो अभिलेख कक्षात असतो. तीन आठवडे लागतील.

घरी सांगितलं. बाबा चहा पीत होते.

"खरेदीखत आहे ना? मग तो कशाला?"

"त्यांनी मागितलाय."

"आपण नाही दिला तर?"

"बाबा, सरकारी मागणी आहे. नाही कसा देणार?"

त्यांनी कप खाली ठेवला. "किती जुना असतो ग तो? वाळवी लागते म्हणतात अशा कागदांना."

त्यांनाही माझ्यासारखीच काळजी वाटते तर. मी त्यांना धीर दिला की तिथे कपाटं लोखंडी आहेत.

१ ऑक्टोबर, गुरुवार

प्रत मिळाली.

आमचा प्लॉट शेवटचा, क्रमांक सतरा. रुंदी पंचवीस फूट.

भिंग लावून पाहिलं. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "पंचवीसच आहे. सगळी रांगच पंचवीसची आहे." मग मी तिथेच बाकावर बसले.

प्लॉट जन्मतः अपुरा नव्हता. मी अर्जात लिहिलंय, 'मूळ आराखड्यापासूनच अपुरा'. प्रतिज्ञापत्रावर! दीड फूट गेला कुठे? गल्लीने खाल्ला असणार. गल्ली रुंद करताना घेतला असेल आणि कुणी लिहून ठेवलं नसेल.

बाबांनी विचारलं, "काय आकडा आहे त्यावर?" सांगितला. हातात काटकोन बघायचा गुण्या होता, तो फडक्याने पुसत बसले. तो स्वच्छच होता.

४ ऑक्टोबर, रविवार

गल्ली मोजली. नकाशात बारा फूट, जागेवर बारा फूट. गल्लीने काही घेतलेलं नाही.

मग मी जे केलं ते बरोबर होतं की नाही, माहीत नाही. कंडक्टरकाका औषध आणायला गेले होते. त्यांच्या फाटकाबाहेरून, पुढच्या बाजूने, मी टेप लावला. त्यांचा प्लॉट नकाशात पंचवीस आहे. जागेवर साडेसव्वीस भरला.

फाटकातून आत पाहिलं. भिंतीच्या आतल्या अंगाला, भिंतीपासून दीड फुटावर, अर्धा जमिनीत गाडलेला एक दगड आहे. काका त्याला सायकल टेकवतात. त्यावर जुना रंग आहे आणि सतराचा आकडा आहे. हद्दीचा दगड त्यांच्या अंगणात आणि भिंत आमच्या पट्टीत!

पहिली भावना आनंदाची होती, हे लिहून ठेवते. आमचा प्लॉट पूर्ण आहे! सूटच नको! मी जवळजवळ पळत निघाले. कोपऱ्यावर आले आणि पाय थांबले.

भिंत उस्तादांच्या हातची आहे.

प्रश्न नऊ. 'कुटुंबीयांच्या कृतीमुळे.' मी 'नाही' लिहिलंय.

५ ऑक्टोबर

आज बाबांना विचारलं. ते मोरीपाशी थापी धुत होते.

"बाबा, भिंत घालताना तो दगड दिसला नव्हता?"

त्यांनी पाणी बंद केलं. "दिसला होता."

"मग?"

"कंडक्टरची बायको हल्ली निजते त्या खोलीत तेव्हा त्याची आई असायची. तो म्हणाला, उस्ताद, पलंग मावत नाही, दोरी जरा पलीकडून घ्या. पलीकडे कोण होतं? गवत होतं. म्हटलं मालक तो, मजुरी तो देणार, माझं काय जातंय? दोरी उचलली अन् दीड फूट पुढे धरली."

"आणि पुढे तोच प्लॉट आपण घेतला."

"तीन वर्षांनी. रुंदीला कमी, म्हणून कुणी घेत नव्हतं. म्हणून तर आपल्याला परवडला." मग म्हणाले, "पूर्ण असता तर आपल्या बापाला तरी झेपला असता का?"

म्हणजे इतकी वर्षं ते रोज त्या भिंतीशेजारून जायचे आणि त्यांना माहीत होतं. मी 'गुडघा' लिहीत होते, 'वय' लिहीत होते.

"मला सांगितलं का नाहीत? मी सही केली त्यावर."

"सांगायचं होतं. तू अर्ज वाचून दाखवलास ना, त्या नवव्या प्रश्नाला तू वाचता वाचता हसलीस. म्हणालीस, कोण मुद्दाम आपला प्लॉट लहान करेल? मग माझं तोंडच उघडलं नाही."

हसले होते. आठवतंय.

८ ऑक्टोबर

नकाशेवाल्यांकडे गेले. दार लोटून घ्यायला सांगितलं तर ते घाबरले, म्हणाले, "का, कुणी मेलं का?"

सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत रेलले. "हे बघा. तुम्ही बोलू नका. कंडक्टर तर मेला तरी बोलणार नाही, कारण बोलला तर त्याची खोली जाते. मूळ नकाशात पंचवीस आहे म्हणा, जागेवर साडेतेवीस आहे म्हणा, का ते माहीत नाही म्हणा. समिती सूट देईल. सगळे खूश."

"पण माहीत आहे."

"कुणाला?"

"मला."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुमच्यासारखे गिऱ्हाईक महिन्यात दोन आले तर मी दुकान बंद करेन."

खरं सांगितलं तर प्रश्न नऊचं उत्तर 'होय' होतं आणि 'होय' असेल तर सूट मिळत नाही, हे नियमातच आहे. भिंत पाडा म्हणून काकांवर दावा लावता येतो. पण दावा दहा वर्षं चालतो आणि बाबांचे गुडघे दहा महिनेही चालणार नाहीत.

आईला विचारलं. ती निवडत असलेल्या धान्यातून मान वर न करता म्हणाली, "मला कशाला विचारतेस? मी म्हणेन गप्प बस. आणि तू बसणार नाहीस. मग आठ दिवस जेवणार नाहीस. तुला काय करायचंय ते आधीच कर, निदान स्वयंपाक तरी फुकट जाणार नाही."

२३ ऑक्टोबर

आज प्रयोगशाळेत माझ्या हातून एक नळी फुटली. वरिष्ठांनी पाहिलं. खोट्या प्रतिज्ञापत्राची तक्रार झाली तर इथे कळेल का? कळेलच. दुधाचे दाखले माझ्या सहीने जातात. मग प्रत्येक दाखल्यावर शंका घेतील, आणि ते बरोबरच असेल.

बाबा बोलत नाहीत. मी त्यांच्याशी बोलते, ते 'हं' म्हणतात. मला वाटतं ते रागावलेत. आई म्हणते, "रागावलेला माणूस तुझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून ठेवत नाही." मी पाहिलं, खरंच शिवलेला होता.

१२ नोव्हेंबर, गुरुवार. सुनावणी

लिहायचंच आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

लांब टेबल, पाच माणसं, मध्ये अध्यक्षबाई. आमच्या आधी दोन अर्ज होते. एकाला गॅलरी हवी होती. मी हातातला कागद इतका घट्ट धरला होता की शाई बोटांना लागली. त्यात मी लिहिलं होतं, प्रश्न नऊचं उत्तर चुकीचं आहे, ते बदलून घ्यावं.

कंडक्टरकाका पलीकडच्या खुर्चीत. इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे बघत नव्हते. बाबा येणार नव्हते, पण मागचं दार वाजलं आणि ते भिंतीला धरून आत आले. बसले नाहीत.

अध्यक्षबाईंनी कागद वाचला. "हे तुम्ही स्वतःहून देताय?"

"हो."

"याने तुमचा अर्ज पडू शकतो, ठाऊक आहे?"

"हो." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.

त्या काकांकडे वळल्या. "भिंत दीड फूट पुढे आहे, असं अर्जदार म्हणतात. तुमचं काय म्हणणं?"

काका उठले. "बाई, बावीस वर्षं झाली. मला आठवत नाही."

मग मागून बाबा म्हणाले, "मला आठवतं."

त्यांना पुढे बोलावलं. विचारलं, दोरी कुठून धरायची ते कोणी सांगितलं? मला वाटलं, आता बाबा काकांचं नाव घेणार. काका टेबलाच्या कडेकडे बघत होते.

बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक पुष्कळ सांगतं, बाई. कुणी म्हणतं दार तिरकं बसवा, कुणी म्हणतं खांब काढून टाका. सगळं ऐकायचं नसतं. दगड मला दिसत होता. गवंडी मी होतो."

एवढंच. काका खाली बसले.

निकाल आठ दिवसांनी.

परत येताना आम्ही दोघं बसस्टॉपवर उभे होतो. मला काहीतरी बोलायचं होतं. बाबाच म्हणाले, "तुझी सही वाचली ना?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मग झालं." पण झालं नव्हतं. त्यांचे डोळे समोरच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतीवर होते.

२० नोव्हेंबर

सूट नामंजूर. 'अडचण अर्जदाराच्या कुटुंबीयाच्या कृतीमुळे.' चूक स्वतःहून दुरुस्त केल्याने माझ्यावर कारवाई नाही.

खाली आणखी एक परिच्छेद. ३१ डिसेंबरपूर्वी हद्द मूळ दगडाप्रमाणे करून मोजणी करून घेतली, तर प्लॉट पंचवीस फुटी म्हणून ग्राह्य धरला जाईल आणि सूट घ्यायची गरज राहणार नाही. अन्यथा तो कायमचा अपुऱ्यांच्या यादीत. भिंत मात्र शेजाऱ्याच्या लेखी संमतीनेच हलवायची.

म्हणजे सगळं काकांच्या हातात. ज्यांनी हरकत घेतली त्यांच्याच. आणि संमती दिली तर काकूंच्या खोलीतला दीड फूट जाणार. हे मी कुठल्या तोंडाने मागू? सहा आठवडे उरलेत.

२२ नोव्हेंबर, रविवार

मी काकांकडे जायला निघाले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पोचले तर बाबा आधीच तिथे. मी फाटकाबाहेर थांबले. चोरून ऐकणं वाईट, पण पायच हलेनात.

काका म्हणत होते, "उस्ताद, तिथे माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेऊन काय झालं असतं?"

"मी खोटं बोललो, ते तरी फिटलं असतं. दहा रात्री झोप नाही मला. आयुष्यभर लोकांना म्हटलं, तिकीट दाखवा, तिकीट दाखवा. आणि स्वतः?"

"दीड फूट विनातिकीट," बाबा म्हणाले.

मग काका हसले, की रडले, बाहेरून कळलं नाही.

"भिंत मी मागे घेतो," बाबा म्हणाले. "खोलीही बांधून देतो. मजुरी नको."

"मजुरीचं नाही हो. खोली सात फुटांची आहे, साडेपाच होईल. पलंग सहाचा. हिला कुठे ठेवू? तिला उठवून बसवायला मला वीस मिनिटं लागतात. तुम्ही सांगा, कुठे ठेवू?"

फाटक न उघडताच मी परत आले.

२९ नोव्हेंबर

काकांनी मला बोलावणं पाठवलं. वाटलं, नकार देणार. टेप घेऊन ये, असा निरोप होता, म्हणून आणखीच भीती वाटली.

काकूंच्या खोलीत मी चार वर्षांत गेले नव्हते. लाज वाटली. खोली अंधारी आहे. झरोका वितीएवढा. ज्या उजेडासाठी हरकत होती तो एवढासाच.

"ये," काकू म्हणाल्या. "रोज पलीकडे 'साडेतेवीस, साडेतेवीस' करत फिरते ती तूच ना? मला वाटायचं कुणी पाढे चुकतंय."

काका म्हणाले, "अगं, गंभीर बोलणं चाललंय."

"मग बोला की. चार वर्षं याच गंभीर खोलीत पडलेय. पोरी, मला मोज."

मला कळलं नाही.

"मला ग. डोक्यापासून पायापर्यंत."

मोजलं. त्यांच्या पायाला टेप लागू नये म्हणून तो जरा वर धरला. चार फूट नऊ इंच.

"आणि पलंग?"

"सहा फूट."

"ऐकलंत का हो? उरलेल्या सव्वा फुटात तुम्ही काय निजवलंय इतकी वर्षं? भिंत हलवायला निघाले, पण पलंग कापायचं कुणा शहाण्याला सुचलं नाही!"

दारात बाबा आले होते. त्यांनी पलंगाच्या पायाकडून डोकं घातलं, खालून लाकूड चाचपलं, बोटांनी अंतर घेतलं आणि म्हणाले, "पाच फुटांवर कापता येईल. आणि नव्या भिंतीत खिडकी काढतो. झरोका नको."

"खिडकी उघडली तर यांच्या घरातलं सगळं दिसेल मला," काकू म्हणाल्या.

"दिसू दे," बाबा म्हणाले.

काकांनी संमतीवर सही केली. मी तारीख तीनदा तपासली.

१४ डिसेंबर

भिंत उतरते आहे. बाबा एकेक वीट सोडवतात, फोडत नाहीत. इतका पक्का माल की छिन्नी लागते. "कुणी बांधली रे ही?" म्हणून स्वतःवरच चिडतात. काका खाली उभे राहून विटा रचतात. काकूंना पुढच्या खोलीत हलवलंय, तिथून त्या हुकूम सोडतात.

मला मात्र झोप लागत नाही. मोजणीदार २८ तारखेला येणार आहेत. एक दिवस आजारी पडले तर? सिमेंट नाही आलं तर? काल बाबांचा पाय फळीवरून सरकला. पडले नाहीत. पण मी पाहिलं, त्यांनी फळी पकडली तेव्हा चेहरा पांढरा झाला होता. माझ्या खरं बोलण्यामुळे एकाच्या ऐवजी दोन बांधकामं त्यांच्या वाट्याला आली. तेवढं त्यांच्यात उरलंय का, हे कुणाला विचारायचं? त्यांना विचारलं तर म्हणतात, "वीट दे."

१९ डिसेंबर, शनिवार

जुनी भिंत संपली. दोन्ही प्लॉट एकच झाल्यासारखे दिसतात. मला ते बघून उगाच भीती वाटली. कुठे काय संपतं ते कळत नव्हतं.

दुपारी बाबांनी नवीन भिंतीची दोरी लावायला घेतली. एक टोक पुढच्या दगडापाशी खुंटीला बांधलं. मागच्या टोकाचा हद्दीचा दगड मातीखाली होता, तो उकरून उघडा केला होता; तिथे दुसरं टोक काकांच्या हातात दिलं.

"इथे धरू?" काकांनी विचारलं.

"मला विचारू नका. मी एकदा चुकलोय. तिला विचारा."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. काकूंच्या खोलीला आता ती बाजूच नव्हती. आज उघड्यावर बसायचंच असा हट्ट धरून त्या पुढच्या खोलीतून तिथे परत आल्या होत्या, आणि कापलेल्या पलंगावर उशीला टेकून त्याही बघत होत्या. मी गल्लीच्या कडेपासून टेप लावला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदाही लावला.

"पंचवीस फूट पाव इंच," मी म्हटलं.

"झालं की मग!" काका म्हणाले.

"पाव इंच आमच्याकडे जास्त येतोय, काका. दोरी आमच्या बाजूला सरकवा."

"अगं राहू दे ग पोरी. पाव इंचात काय येतं?"

पलंगावरून काकू म्हणाल्या, "माझी उशी येते. सरकवा तिकडे."

काकांनी दोरी पाव इंच पलीकडे सरकवली. बाबांनी खाली वाकून पाहिलं आणि पहिली वीट मागितली.